न वाळणारं प्लास्टर

दिवे गेलेत तर जाऊ देत. तो चार्जिंगचा दिवा इकडे सरकव, फाईल मिट आणि स्वस्थ बस. अंधारात वाचून डोळे फोडून घेतलेस म्हणून कोणी तुला लवकर न्यायाधीश करणार नाही. आणि हो, आल्या दिवसापासून तू त्या कोपऱ्यातल्या खिळ्याकडे चोरून बघतेस, ते मला दिसत नाही असं समजू नकोस. फडक्यात गुंडाळून काय टांगलंय, खाली वाडगा कशाला, तो रोज सकाळी मीच का रिकामा करते... इथे आलेल्या प्रत्येक ज्युनिअरनं हे विचारलंय. मी त्यांना कामाला लावते. तुला सांगते, कारण काल तू अशिलाला भलताच प्रश्न केलास. "खरं सांगा, तुम्ही केलंत का हे?" म्हणे!

अगं, असं विचारायचं नसतं. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत नाही तो प्रश्न तोंडातून काढायचा नाही. साक्षीदाराला नाही आणि स्वतःच्या अशिलाला तर मुळीच नाही. त्यानं एकदा "हो" म्हटलं की त्याच्यासाठी उभं राहताना आपलीच जीभ अडखळते. हा आपल्या धंद्याचा नियम. सरांनी मला तो पहिल्याच आठवड्यात शिकवला आणि मी तो इमानेइतबारे पाळला. त्याचं काय झालं ते ऐक.

सुरुवात अगदी साधी आहे. मी प्लास्टर आणायला गेले होते.

दुकानदार ओळखीचा. पिशवी बांधता बांधता म्हणाला, "काय वकीलबाई, कोर्टात न्याय मिळेना म्हणून गवंडीकाम धरलंत की काय?" मी म्हटलं, "तुमच्या उधारीचे दावे लावून कंटाळले, म्हणून." तो हसला, मीही हसले. हसायचे दिवस नव्हते ते. माझा धाकटा भाऊ तेव्हा खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होता.

आता सरांबद्दल सांगते. हे चेंबर त्यांचं, ती खुर्चीही त्यांची. माणूस काडीसारखा, बोलणं मोजकं, पण उलटतपासणीला उभे राहिले की साक्षीदार पाणी मागायचे. खिशात नेहमी गोळ्या-चॉकलेटं, आणि ती कोणाला देतील तर शपथ! दिवसा ते असे. संध्याकाळी ते दुसरेच कोणी असत. त्या काळी शहरात 'मुक्या'च्या गोष्टी सांगत. पांढऱ्या प्लास्टरचा कोरा चेहरा लावलेला एक माणूस. ज्यांनी गुन्हा करून पुरावाच ठेवला नाही, ज्यांच्यावर खटलाच उभा राहिला नाही, त्यांच्या घरी तो दिवेलागणीला यायचा, समोर खुर्ची ओढून बसायचा आणि नुसता बघत राहायचा. मारायचा नाही, धमकवायचा नाही, एक शब्द बोलायचा नाही. थोड्या वेळानं समोरचा माणूस आपणहून बडबडायला लागायचा आणि सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन सगळं ओकायचा.

तो मुक्या म्हणजे आमचे सर. हे जगात फक्त मला माहीत होतं, कारण मुखवट्याचं प्लास्टर मीच कालवायचे. "मुखवट्यानं बोलायचं नसतं," सर म्हणायचे. "बोलला की तो माणूस होतो, आणि माणसाला कोणी घाबरत नाही."

भावाची भानगड अशी झाली. तो बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. तिथे मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते, त्यात पत्र्याचे उंच डबे सोडतात, वर झाकणं बसवतात, डब्यांतल्या पाण्याचा बर्फ होतो. साखळीच्या यारीनं ते डबे वर ओढायचे, कोमट पाण्यात बुडवायचे, की आख्खी लादी घसरून बाहेर. यारी भाऊ चालवायचा. त्याच्यावर एक मिस्त्री होता, बारीक अंगाचा, उतारवयाचा. एके दिवशी मिस्त्री कामावर आला नाही. दोन दिवसांनी मासळीबाजारात एका कोळणीनं लादी फोडायला दांडका उगारला आणि ती किंचाळत मागे पडली. लादीच्या आतून मिस्त्री तिच्याकडे बघत होता.

आख्खा माणूस, अगं. डब्यात मावावा म्हणून त्याचे दोन्ही गुडघे मोडले होते. डोक्याला मागून जखम होती. पण जीव गेला तो जखमेनं नव्हे, असं डॉक्टरांनी लिहिलं. पुढचं मी दोनदा वाचलं. माणूस जिवंत असताना डब्यात गेला होता.

पोलिसांनी यारी चालवणाऱ्याला उचललं. भावाच्या एप्रनवर रक्ताचे डाग होते, पण बर्फ तासताना तिथे सगळ्यांचेच हात कापतात. कारखान्याची किल्ली मालकाकडेही असायची आणि मालक-मिस्त्रीचं आदल्याच आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं होतं. मला शंकाच नव्हती. मालकानं केलंय आणि गरिबाच्या गळ्यात अडकवलंय. तुरुंगाच्या जाळीपलीकडून भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, मला यातून बाहेर काढ." रडत होता. लहानपणी मी झोक्यावरून ढकललं तेव्हा त्याची डावी भुवई फाटली होती, तिथे अजून तिरकी खूण आहे. ती खूण रडताना लाल व्हायची. ती बघितली आणि मी म्हटलं, "काढते. काळजी करू नकोस." घरी आईला सांगितलं, "आणते त्याला." आईनं त्या दिवसापासून त्याचा एक शर्ट रोज इस्त्री करून खुंटीला लावायला सुरुवात केली. ती इस्त्री ऐकत मी खटल्याचे कागद वाचायचे. गरम इस्त्रीचा, ओल्या कापडाचा तो वास आजही आला की मी उठून खिडकी उघडते.

सरांनी वकीलपत्र घेतलं. भावाला त्यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. नियम होता ना!

एका सकाळी सर म्हणाले, "ती लादी बघायला परवानगी मिळालीय. प्लास्टर घेऊन ये."

कारखान्याच्या थंड खोलीत ती लादी ठेवली होती. प्रेत काढताना पोलिसांनी ती उभी चिरली होती. पुरावा वितळतोय, आता त्याचं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. हवालदार बाहेर उन्हात चहा पीत होता. आत बर्फाच्या यंत्रातल्या अमोनियाचा उग्र वास, डोळे चुरचुरत होते, आणि भिंतीपलीकडच्या यंत्राची घरघर पायांतून वर चढत होती. लादीचा पुढचा अर्धा भाग फळीवर आडवा होता. त्यात चेहऱ्याचा खळगा होता. नाक, गाल, हनुवटी, सगळं उलटं, आतल्या बाजूला. माणूस निघून गेला होता आणि त्याची जागा तशीच राहिली होती.

मी बॅटरी धरली. सर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. ओठांच्या खळग्यापाशी बर्फात बारीक बुडबुडे अडकले होते, एकामागे एक, माळेसारखे.

"श्वास," सर म्हणाले.

मी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी प्लास्टरात चिमूटभर मीठ टाकायला सांगितलं, त्यानं ते लवकर धरतं. पातळ थर खळग्यात फिरवला, वर कापडाच्या पट्ट्या, वर पुन्हा थर. प्लास्टर धरताना गरम होतं, त्यामुळे बर्फ जरा वितळला आणि नाकाचा शेंडा झिजल्यासारखा आला. बाकी चेहरा हुबेहूब होता. अर्धवट उघडे डोळे, तिथे सरांनी नंतर बघायला भोकं पाडली. आणि ओठांवर मोहरीएवढे दाणे, त्या बुडबुड्यांचे. हवालदारानं पिशवीत डोकावून विचारलं, "हे काय?" सर म्हणाले, "दाताच्या कवळीचा साचा." त्या बावळटाला तेही पटलं!

इथे आणून आम्ही तो त्या खिळ्यावर टांगला. प्लास्टर एका दिवसात वाळतं. हे वाळलं नाही. उन्हात ठेवलं, पंख्याखाली ठेवलं, विस्तवाजवळ धरलं. हात लावला की गार आणि ओलं. हनुवटीवरून थेंब गळायचा, जरा थांबायचा, मग दुसरा. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. मी म्हटलं, "मीठ जास्त झालं असेल." सर म्हणाले, "असेल." आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

खटल्याचा युक्तिवाद जवळ आला. सरांचा बेत ठरलेला होता: मालकासमोर मिस्त्रीच्याच चेहऱ्यानं जाऊन बसायचं. कोऱ्या चेहऱ्यापुढे माणसं बोलतात, मग ज्याला मारलं त्याच्या चेहऱ्यापुढे का बोलणार नाहीत? दिवेलागणीला ते मालकाच्या बंगल्यात मागच्या दारानं शिरले. मी गाडीत बसून राहिले. उकडत होतं, काचा खाली होत्या. आईचा चेहरा डोळ्यांपुढे होता, तो खुंटीवरचा शर्ट होता. मी हात जोडून म्हणत होते, बोल रे बाबा, एकदाचा बोल आणि माझ्या भावाला मोकळा कर.

सर परत आले तेव्हा मुखवटा हातात होता आणि ते कुडकुडत होते. ओठ निळे. गाडीत बसले, तोंड उघडलं, आणि त्या उकाड्यात त्यांच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.

"बोलला?" मी विचारलं.

"रडला," सर म्हणाले. "पाय धरले माझे. म्हणत होता, कोणी केलं रे तुझं असं? भांडलो म्हणून काय झालं, मी तुला घरचा मानत होतो... हेच पुनःपुन्हा."

"नाटक करतोय तो."

"नाही. मी आयुष्यभर खोटारडे बघितलेत. त्यानं नाही केलेलं."

मला इतका संताप आला, काय सांगू! एवढी एकच आशा होती आणि ती ते गाडीच्या काचेतून बाहेर फेकून देत होते. मी काही बोलणार तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "तुला एक सांगतो. घाबरू नकोस... मी मुखवटा लावला ना, तेव्हा आत माझ्याआधी कोणीतरी श्वास घेत होतं."

त्या दिवसापासून सरांना खोकला लागला. खोकताना तोंडाला रुमाल धरायचे आणि रुमाल ओला चिंब व्हायचा, रक्तानं नाही, पाण्यानं. तशा अवस्थेत ते युक्तिवादाला उभे राहिले. असा युक्तिवाद त्या कोर्टानं पुन्हा ऐकला नसेल. एप्रन, डाग, किल्ली, वेळ, एकेक दुवा त्यांनी तोडून टेबलावर ठेवला. सरकारी वकील घाम पुसत होता. भाऊ निर्दोष सुटला. आईनं कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला पोटाशी धरलं आणि इस्त्रीचा शर्ट तिथेच त्याच्या अंगावर चढवला. मी सरांकडे वळून बघितलं. ते खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

भाऊ घरी आला. आई हरखून गेली होती, पण घरात काही तरी बिनसलं होतं. तो झोपताना रेडिओ मोठ्यानं लावायचा. बंद केला की दचकून उठायचा. आणि डबे. स्वयंपाकघरातल्या एकाही डब्यावर तो झाकण राहू द्यायचा नाही. तांदळाचा, साखरेचा, चहाचा, सगळे डबे सताड उघडे. आई करवादायची, "अरे, साखरेला मुंग्या लागल्यात! कोणी शिकवलं तुला हे?" तो हसायचा आणि तिची पाठ वळली की पुन्हा झाकणं काढून ठेवायचा. मी ते बघत होते. बघून न बघितल्यासारखं करत होते. तुरुंगात माणसाला काय काय सवयी लागतात, असं मी स्वतःला सांगत होते.

सरांना इस्पितळात हलवलं. डॉक्टर चक्रावले होते. छातीत पाणी भरत होतं, ते काढलं की पुन्हा भरत होतं, आणि त्यांनी तपासून घेतलं तर ते पाणी खारट. मी दुपारी भेटायला गेले. वॉर्डात फिनाईलचा वास, पडदे ओढलेले, शेजारच्या खाटा रिकाम्या. सरांनी मला जवळ बोलावलं.

"अजून ओला आहे का गं तो?"

"आहे."

"म्हणजे त्याचं काम राहिलंय." ते थांबले. श्वास घ्यायला वेळ लागत होता. "एका माणसाला आपण विचारलंच नाही. मीही नाही... तूही नाही."

मी ताडकन उठले. "तो माझा भाऊ आहे, सर!"

"म्हणूनच नाही विचारलंस."

"मला विचारायची गरज नाही. मला उत्तर माहीत आहे."

"मग फोडून टाक मुखवटा," सर म्हणाले. "उत्तर माहीत असेल तर आत्ता जाऊन फोडून टाक. आणि नसेल... तर लावू नकोस. माझ्याकडे बघ आणि लावू नकोस." त्यांनी उशीखालून एक चॉकलेट काढून माझ्या हातावर ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळपर्यंत ते गेले.

मी रडत इथे आले ती हातोडी घेऊनच. मुखवटा खाली काढला, टेबलावर ठेवला, हातोडी उचलली. आणि हात खाली येईना. फोडला तर मी घाबरले असा अर्थ होणार होता. मला त्याचं निर्दोषपण कागदावर मिळालं होतं, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. मालक जसा रडला तसा तोही रडेल, मिस्त्रीचे पाय धरेल, आणि मी मुखवटा काढून त्याला जवळ घेईन. एवढंच मला हवं होतं. देवाशप्पथ, एवढंच!

दुसऱ्या दिवशी दुपारी आई सरांच्या घरी त्यांच्या बहिणीला भेटायला गेली. भाऊ आतल्या खोलीत झोपला होता. रेडिओ चालू. बाहेर रखरखीत ऊन, आत जाड पडदे, खोलीत तांबूस अंधार. मी खाटेसमोर खुर्ची ठेवली. सरांचा काळा कोट घातला आणि मुखवटा चेहऱ्याला लावला.

गार. विहिरीत तोंड बुडवावं तसं गार. अमोनियाचा वास थेट टाळूला झोंबला. मी श्वास घ्यायला गेले... आणि सर म्हणाले होते तसंच. आत आधीच कोणीतरी श्वास घेत होतं. हळू, आखडलेला, घोट घोट. मी थांबले तरी तो थांबला नाही.

रेडिओ मीच बंद केला.

भाऊ दचकून उठला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मनात ओरडत होते, रड. विचार, कोणी केलं तुमचं असं. विचार ना रे!

तो किंचाळला नाही. भिंतीला पाठ लावून बसला, गुडघे पोटाशी घेतले आणि अगदी दमलेल्या आवाजात म्हणाला, "आलात, मिस्त्री."

मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मला वाटलंच होतं याल. पण सगळ्यांसमोर थप्पड मारायची काय गरज होती तुम्हाला? लागली झोप कामावर. लागते माणसाला. उद्यापासून येऊ नकोस म्हणालात... आईला काय सांगणार होतो मी?" तो डोकं हलवत राहिला. "लाद्या उचलायचा लोखंडी चिमटा हातात होता. एकदाच मारला. तुम्ही पडलात ते उठलाच नाहीत. मेलात असं वाटलं मला."

हे ऐकून मी तिथेच मरायला हवं होतं. पण माणसाची आशा फार चिवट असते गं. माझ्या डोक्यातली वकीलबाई लगेच उठून बसली. मेला असं वाटलं त्याला! रागाच्या भरात एक फटका, घाबरून प्रेत लपवलं, एवढंच. डब्यात जिवंत माणूस आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. हा खुनी नाही. हा माझा भित्रा, मूर्ख, कमनशिबी भाऊ आहे. मला त्याच्या तोंडून तेवढं एक वाक्य हवं होतं. आणि मी तोंड उघडलं.

मुखवट्यानं बोलायचं नसतं. उत्तर माहीत नसेल तो प्रश्न करायचा नसतो. दोन्ही नियम मी एका दमात मोडले.

"मी जिवंत होतो, हे तुला कळलं होतं का?"

मी हे असं विचारणार नव्हते. मी विचारणार होते, 'तो जिवंत होता, हे तुला माहीत होतं का?' शब्द ओठांपर्यंत माझे होते. बाहेर पडला तो आवाज पुरुषाचा होता, घोगरा, पाण्यातून आल्यासारखा. आणि तो माझ्या घशातून आला होता.

भावानं माझ्याकडे... त्या चेहऱ्याकडे बघितलं. भुवईवरची खूण लालभडक झाली होती.

"टकटक केलीत की तुम्ही," तो म्हणाला. "आतून. डबा यारीला लटकत होता तेव्हा. मी ऐकली. मी साखळी हातात धरून उभा होतो, मिस्त्री, वर ओढू की खाली सोडू... वर ओढलं असतं तर तुम्ही सगळं सांगितलं असतंत."

पुढचं त्यानं सांगितलं नाही. मिठीतले गुडघे सोडले, खाटेवरून उतरला आणि शर्टाची बटणं नीट लावली, आईनं इस्त्री केलेल्या शर्टाची.

"चला," तो म्हणाला.

मला ओरडायचं होतं, अरे मी आहे, ताई आहे तुझी! जबडा हलेना. मुखवटा चेहऱ्याला चिकटला होता, बर्फाला ओली बोटं चिकटतात तसा. हातपाय लाकडासारखे. तो माझ्या खुर्चीजवळून गेला, दारात क्षणभर थांबला आणि वाट दाखवल्यासारखा बाजूला झाला. कोणाला तरी आधी जाऊ द्यावं तसा. मग तो गेला. चपला दारातच होत्या.

आई आली तेव्हा मी तशीच बसले होते. मुखवटा मांडीवर, कोट भिजलेला. "अगंबाई, एवढी भिजलीस कुठे? आणि हा कुठे गेला?" मला उत्तर माहीत होतं का, हे मलाच माहीत नव्हतं.

तो रात्रभर आला नाही, तेव्हा सकाळी मी कारखान्यात गेले. खटल्यानंतर मालकानं तो बंद केला होता, यंत्राची वीजही तोडली होती. टाकीतलं मिठाचं पाणी उन्हानं कोमट झालेलं. रखवालदार मला दारातच भेटला, चेहरा पांढराफटक. "बाई, बरं झालं तुम्ही आलात. चला, बघा जरा..."

सगळे डबे रिकामे होते. एक सोडून. त्याच्यावर दंव साचलं होतं आणि पत्र्याला आतून बाहेर पोचे आले होते, मुठीएवढे. रखवालदारानं हातयारीनं तो कसाबसा वर काढून आडवा केला. लादी घसरून बाहेर आली. दुधासारखी पांढरी. आम्ही ती फोडली तेव्हा तो मागे सरला, मी नाही. माझं सगळं आधीच संपलं होतं.

आत कोणीही नव्हतं. नुसती पोकळी होती. गुडघे दुमडलेल्या माणसाची.

पोलिसांनी टाकी उपसली, विहीर बघितली, नाला बघितला. माझा भाऊ आजतागायत सापडलेला नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी मी रखवालदाराला म्हटलं, कोणालाही बोलवायच्या आधी मला जरा वेळ दे. आणि मी दुकानात गेले. दुकानदार पिशवी बांधता बांधता म्हणाला, "काय वकीलबाई, पुन्हा गवंडीकाम?" मला हसू आलं नाही. त्यानं पिशवी पुढे सरकवली.

मिस्त्रीचा मुखवटा त्याच दिवशी वाळला. खडखडीत. हातात घेतला तर भुकटी झाली. खिळ्यावर आहे तो दुसरा. तुला फडकं काढून बघायचं असेल तर बघ, मी अडवणार नाही. डाव्या भुवईवर तिरकी खूण आहे. ओठांवर दाणे आहेत, मिस्त्रीच्या होते त्याहून पुष्कळ जास्त. त्याला श्वास घ्यायला बराच वेळ मिळाला असावा. डोळ्यांना मी भोकं पाडली नाहीत. तो मी कधी लावलेला नाही आणि लावणारही नाही. त्याला काय विचारायचं? जे विचारावंसं वाटतं त्याचं उत्तर मला माहीत नाही, आणि ज्याचं माहीत आहे ते पुन्हा ऐकवणार नाही.

तुला काल रागावले, पण खरं सांगू? तू विचारलंस ते चूक की बरोबर, हे मला आज सांगता येत नाही. मी वेळेवर विचारलं असतं तर तो तुरुंगात असता. जाळीपलीकडे दिसला तरी असता.

आई आता थकलीय. तिला मी सांगितलंय की तो दूर कुठेतरी कामाला लागलाय. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघर आवरते, एकेका डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवते, मग मी पुन्हा सगळी तपासते. एकूण एक. दाराला कडी मी लावते. आणि सकाळी उठून बघावं तर सगळे डबे उघडे असतात. झाकणं ओट्यावर ओळीनं मांडलेली, ओली.

आई रागावत नाही. ती झाकणं पदरानं पुसते, एखादं चाखूनही बघते वेडी, आणि मला म्हणते, "येऊन जातो गं बिचारा. एवढ्या लांबून येतो आणि मला न उठवताच जातो. तू तरी एकदा विचार ना त्याला, का भेटत नाही ते?"